‘नाही सर’ म्हणायचा क्लास

बदलापूरच्या कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दुसऱ्या रविवारी त्यांच्यातलं कोणीतरी दार वाजवायचं आणि हळूच विचारायचं, काकू, घरी सगळं ठीक आहे ना, भांडणाचे आवाज येत होते. सगळं ठीकच असायचं. आमच्या हॉलमध्ये बारावीची मुलं एका सुरात ‘नाही सर, मला तसं वाटत नाही’ म्हणायची प्रॅक्टिस करत असायची, एवढंच. बिल्डिंगमध्ये त्याला भांडणाचा क्लास म्हणत. नाव मला पसंत होतं, पण दारावर तशी पाटी लावायला आमचे हे तयार झाले नाहीत. त्यांच्या मते आधीच लोक आपल्याकडे संशयाने बघतात.

ते जाऊ दे. आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर तुम्हालाही संशय यायचा. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते. लोकांना कामावर घ्यायचं, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं, त्यांचे निरोप समारंभ, सगळं माझ्याकडे. फिटर, टायपिस्ट, स्टोअरकीपर, कितीजणांच्या मुलाखती घेतल्या याची गणती नाही. आमच्या साहेबांचं एकच सांगणं असायचं, प्रधान मॅडम, माणूस ऐकणारा बघा. त्यामुळे माझ्या मुलाखती फार सोप्या असत. रात्रपाळी करावी लागेल, हो मॅडम. रविवारी यावं लागेल, हो मॅडम. झालं, उद्यापासून या. दोन हजार सालाच्या आसपास कंपनीला टाळं लागलं आणि ही हो म्हणणारी सगळी माणसं माझ्यासकट घरी बसली.

त्याच सुमाराला माझ्या भाचीला परराज्यातल्या एका मोठ्या डिझाइनच्या संस्थेतून बोलावणं आलं. ही अशी कॉलेजं असतात की जिथे मार्कांवर काम भागत नाही. देशभरातून हजारो मुलं लेखी परीक्षेला बसतात, त्यातली मूठभर पुढे बोलावतात, आणि मग तीन-चार प्राध्यापक समोर बसून बोलतात. त्या बोलण्यावर सगळं ठरतं. भाची हुशार, हातात कला. गेली आणि नापास होऊन आली. काय झालं म्हणून खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते प्राध्यापक मुद्दाम उलटं बोलत होते. तुझं हे चित्र अगदीच साधं वाटतंय, नाही का? हो सर. मग हे काढलंच नसतंस तरी चाललं असतं? हो सर. म्हणजे तुला डिझाइनमध्ये खरा रस नाही? आणि ही बया तिथेही हो सर म्हणाली. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, मावशी?

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर मी हो म्हणणारी माणसं निवडत आले, आणि या कॉलेजांना हवी होती नाही म्हणणारी. उर्मट नव्हे हां. शांतपणे, समोर बघून, कारणासकट नाही म्हणणारी. आणि आमच्या बदलापूर-अंबरनाथच्या घराघरांतून मुलांना नेमकं याच्या उलट शिकवलेलं. पाणी घेणार का विचारलं की नको, घसा कोरडा पडला असला तरी. काही विचारायचंय का म्हटलं की नको सर. मला तर वाटतं आमची मुलं हव्या त्या प्रत्येक गोष्टीला नको म्हणायची आणि नको त्या प्रत्येक गोष्टीला हो. चांगले संस्कार म्हणतात ते हेच. मुलाखतीत ते संस्कार थेट खड्ड्यात घालायचे.

तर क्लास असा सुरू झाला. गणित, ड्रॉइंग, जनरल नॉलेज यातलं मी काही शिकवत नसे, ते शिकवणारे गल्लोगल्ली होते. माझ्याकडे यायची ती लेखी पास झालेली किंवा होण्याच्या बेतात असलेली मुलं, आणि त्यांना मी रविवारी खोट्या पॅनेलसमोर बसवायचे. पॅनेल म्हणजे आमचं डायनिंग टेबल आणि त्यामागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत मी. एका बाजूला आमचे हे. खरं सांगायचं तर त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. मुलगा जरा अडखळला की हे म्हणायचे, असू दे असू दे, बिस्किट घे. मी टेबलाखालून पाय मारायचे. ते म्हणायचे, पाय का मारतेस. पोरांसमोर.

तिसऱ्या खुर्चीत वाधवानी शेठ. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची पुतणी काजल माझी पहिली विद्यार्थिनी. तिला सोडायला आले, आत डोकावले, आणि त्यांना हा प्रकार इतका आवडला की पुढे पुतणी कॉलेजात गेली तरी शेठ दर रविवारी स्कूटरवर दाल-पकवानचा, म्हणजे त्यांच्या सिंधी डाळ-पुरीचा, डबा घेऊन हजर. सगळं आयुष्य गिऱ्हाइकाचं ‘नाही’ ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं आणि कसं पचवायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? मुलाने जीव ओतून केलेलं काम दोन बोटांत धरून ते म्हणायचे, इसमें नया क्या है, ये तो मैंने देखा है. मुलं गारद.

आमच्या पॅनेलचा एक नियम काजलमुळेच पडला. ती चाचाजी म्हणायची आणि फिसकन हसायची. तेव्हा मी ठरवलं, एकदा उंबरठ्याच्या आत आलं की नातं बाहेर चपलांपाशी. आत सगळे सर आणि मॅडम, आणि पॅनेलनेही मुलांना अहो-जाहो करायचं. आमच्या यांनाही मी पॅनेलवर सर म्हणायचे. त्यांना ते जरा जास्तच आवडायचं.

पहिल्या वर्षीचा एक किस्सा सांगते म्हणजे मुलं कुठून सुरुवात करायची ते कळेल. वाधवानी शेठनी मुलांची परीक्षा बघायला म्हणून एकदम म्हटलं, “मराठी माणसाला धंदा जमत नाही. बरोबर?” हॉलमध्ये पाटील, गायकवाड, म्हात्रे, सगळी एकजात मराठी मुलं. एकामागून एक माना हलल्या. हो सर. शेठच बिचारे अस्वस्थ झाले. मला कानात म्हणाले, बाई, हे तर भांडतच नाहीत, मला कसंतरी वाटतंय.

मग मी तीन पायऱ्या घालून दिल्या. आधी ‘नाही सर’. मग ‘मला तसं वाटत नाही’. आणि लगेच ‘कारण’. कारण नसेल तर पहिले दोन म्हणायचे नाहीत. आवाज चढवायचा नाही, जमिनीकडे बघायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पाया पडायचं नाही. हे शेवटचं का, तर एक मुलगा खऱ्या मुलाखतीत आत गेला आणि ओळीने सगळ्यांच्या पाया पडला. प्राध्यापकांच्या पडला ते पडला, कोपऱ्यात चहाचे कप उचलायला आलेल्या माणसाच्याही पडला. तो माणूस घाबरून बाहेरच गेला म्हणे. मुलाची निवड मात्र झाली. त्यामुळे पुढची दोन वर्षं पाया पडू नका हे पटवून देताना माझा घाम निघाला.

भाषेचा बाऊ मी कधी केला नाही. आधी मराठीत नाही म्हणा, मराठीत आलं की हिंदीत येतं, मग इंग्रजीत आपोआप. विषयही साधे. बदलापूर चांगलं की अंबरनाथ. शाळेला युनिफॉर्म हवा की नको. मधेच लोडशेडिंगने पंखा बंद पडायचा, घामाच्या धारा लागायच्या, तरी बोलणं थांबवायचं नाही असा दंडक. हळूहळू पोरं तयार व्हायची आणि मग दुसरीच पंचाईत. पालक तक्रार घेऊन यायचे. एक आई म्हणाली, मॅडम, भाजी आवडली नाही म्हणाला ते ठीक, पण त्याने कारणं सांगितली हो. एक मुलगा तर इतका तयार झाला की त्याने खऱ्या पॅनेलला तुमचा प्रश्नच चुकीचा आहे असं सुनावलं. प्रश्न खरंच चुकीचा होता. तरी निवड झाली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याला कुठे थांबायचं ते शिकवायला माझ्याकडे एक रविवार कमी पडला. आता त्याचं अंबरनाथला मोबाइलचं दुकान आहे आणि तिथे गेलं की तो माझ्याशी कव्हरच्या रंगावरून वाद घालतो.

आता वैशालीचं सांगते. एवढं सगळं लिहायला बसले ते खरं तर तिच्यासाठी.

वैशाली अहिरे बदलापुरातच शिरगावला राहायची. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या भट्टीवर, सुपरवायझर. त्यांच्या कॉलनीत मोठा मान, विहाराच्या कार्यक्रमात भाषण त्यांचंच. मुलगी तितकीच अबोल. वस्तूकडे बघायची तिची नजर मात्र अशी की मी थक्क व्हायचे. एकदा माझा कुकर बघून तिने विचारलं, मॅडम, तुम्ही डावखुऱ्या आहात ना, मग हा उघडताना तुम्हाला रोज भाजत असेल. भाजत होता. इतकी वर्षं मला वाटायचं मीच वेंधळी.

डिझाइनची लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि आमच्या हॉलमध्ये ती काही केल्या नाही म्हणेना. वाधवानी शेठनी तिचं काम टाकाऊ म्हटलं, हो सर. मी म्हटलं हे तुम्ही कुठून तरी उचललेलं दिसतंय, तर खाली मान घालून हो मॅडम. उचललेलं नव्हतं, मला माहीत होतं. बाहेर आल्यावर मी रागावले, की अगं निदान तेवढं तरी नाही म्हण. तर म्हणाली, हो मॅडम. काय करावं या मुलीला?

आणि एका संध्याकाळी अहिरे स्वतः आले. जय भीम केलं, बसले, पाणी घेतलं आणि शांतपणे म्हणाले की वैशालीला मुलाखतीला पाठवणार नाही. लेखीला बसू दिली, हौस म्हणून. इंजिनिअरिंगला इथेच जवळ ॲडमिशन होईल, पुढे सरकारी नोकरी. तिच्याशी बोलणं झालंय आणि ती हो म्हणाली आहे. मी चाटच पडले. कारण आदल्याच रविवारी मी तिला विचारलं होतं, जाणार ना नक्की? आणि मलाही ती हो म्हणाली होती. म्हणजे बघा. आम्हा दोघांना एकाच मुलीने एकाच आठवड्यात हो म्हटलं होतं आणि आम्ही दोघंही निर्धास्त होतो.

अहिऱ्यांवर मला रागावता येईना. ते म्हणाले, “मॅडम, आमच्या घरात पगार माझ्यापासून सुरू झाला. माझे वडील नाक्यावर उभे राहायचे, काम मिळालं तर मिळालं. हा पगार माझ्या मुलीपाशी थांबायला नको.” याचं उत्तर मी देऊन उपयोग नव्हता, हे पर्सोनेलमध्ये राहून मला कळत होतं. दुसऱ्याच्या वतीने नाही म्हणता येत नाही.

तेवढ्यात मला सुचलं. आमच्या यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांची खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, अहिरे साहेब, या रविवारी तुम्ही आमच्या पॅनेलवर बसा. तुमच्या मनात जे आहे तेच तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. माणूस सभेत बोलणारा, खुर्चीला नाही कसं म्हणेल? बरं म्हणाले. माझी चलाखी होती, नाही म्हणत नाही. पण वैशालीला काही सांगितलं नव्हतं. ती वडिलांपुढे हो म्हणणार हे मला शंभर टक्के दिसत होतं, आणि मी तिची एकुलती एक संधी माझ्याच डायनिंग टेबलावर घालवायला निघाले होते.

रविवारी अहिरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खऱ्या पॅनेलवाल्यांहून रुबाबदार दिसत होते. वैशाली आत आली, आमच्या यांच्या खुर्चीकडे बघितलं आणि उभीच राहिली. मी म्हटलं, बसा. ती बसली. वाधवानी शेठनी नेहमीचे दोन-चार प्रश्न टाकले, तिने नेहमीसारखं हो-हो केलं. मग अहिऱ्यांनी घसा साफ केला. नियम सांगितला होता तो त्यांनी काटेकोर पाळला.

“तुमचे बारावीचे पेपर चांगले गेलेत,” ते म्हणाले. “इंजिनिअरिंगला जवळच ॲडमिशन मिळेल. मग चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला जायचं? ती घरी बसूनही काढता येतात. बरोबर आहे ना?”

तिच्या ओठांचा ‘हो’साठी झालेला चंबू मी डोळ्यांनी पाहिला. मी टेबलाखाली साडीचा पदर पिळत होते. शेठनी तोंडातला पकवान चावायचं थांबवलं होतं.

“नाही सर,” ती म्हणाली. इतकं हळू, की आधी मला वाटलं भास झाला. मग तिने मान वर केली. “मला तसं वाटत नाही. कारण ते चित्रं काढणं नाहीये सर. तुम्हाला भट्टीपाशी घालायला गॉगल मिळतो. तो तुम्ही खिशात ठेवता. घाम आला की तो घसरतो, काचेवर वाफ धरते, म्हणून. घरी येता तेव्हा तुमचे डोळे लाल असतात. मम्मी रोज ओरडते, आणि तुम्ही म्हणता, घातला तर दिसत नाही. तो गॉगल ज्याने बनवला तो भट्टीसमोर कधी उभा राहिला नसणार. मला ते काम शिकायचंय सर.”

मग पॅनेलवरच्या माणसाच्याच आवाजात अहिऱ्यांनी विचारलं, की तिथे जमलं नाही तर वर्ष फुकट जाईल, त्याचं काय.

“जाईल सर. पण इंजिनिअरिंगला गेले तरी माझं वर्ष जाईलच. फक्त ते तुम्हाला दिसणार नाही.”

अहिऱ्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, की त्यांचे प्रश्न संपले. मी वैशालीला बाहेर बसायला सांगितलं. ती गेली आणि जिन्यात जाऊन रडली, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. आत वाधवानी शेठनी पकवानची ताटली अहिऱ्यांपुढे सरकवली, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. अहिऱ्यांनी रुमालाने चेहरा पुसला.

“मॅडम, मला आजपर्यंत वाटायचं की हिला काही म्हणायचंच नसतं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “मुलाखतीला मीच घेऊन जातो. दोघांचं रिझर्व्हेशन करायला लागेल.”

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी बाकीच्या मुलांना लवकर सोडून दिलं. आतल्या खोलीतून आमचे हे डोळ्यावर पट्टी घेऊन ओरडले, काय झालं, पास झाली का? वाधवानी शेठ म्हणाले, “पास झाली. बाप पण पास झाला.”

खऱ्या मुलाखतीत वैशालीची निवड झाली. तिथल्या एका प्राध्यापकाने तिला फार टोचून प्रश्न विचारले म्हणे. भीती वाटली का विचारलं तर म्हणाली, नाही मॅडम, ते पप्पांएवढे हुशार नव्हते. जून-जुलैत ती हॉस्टेलला गेली आणि मला वाटलं, अहिऱ्यांचा आणि आपला संबंध एवढ्यावर संपला.

पुढच्या सीझनच्या पहिल्याच रविवारी दार वाजलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मुलगी क्लासला नाही, दुसरं कोणी घरचं नाही, आणि अहिरे सरळ आत येऊन आमच्या यांच्या खुर्चीत बसले. यांनी कुरकुर केली, पण बिस्किटं वाटायचं काम त्यांना मनापासून हवंच होतं, ते स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर क्लास बंद होईपर्यंत अहिरे एकही रविवार चुकले नाहीत. प्रश्न मात्र एकच. एवढ्या लांब कशाला जायचं? वाधवानी शेठ कापड बघावं तसं मुलाचं काम उलटंपालटं करायचे आणि अहिरे मुलाचं कारण. पहिलं कारण त्यांनी कधीही मान्य केलं नाही. दुसरंही क्वचित. मुलं त्यांना शेठपेक्षा जास्त घाबरायची.

एकदा अंबरनाथची एक मुलगी आली. तयारी छान, इंग्रजी फाडफाड, फाइल चकाचक. अहिऱ्यांनी आपला प्रश्न विचारला. मुलगी हसून म्हणाली, सर, माझ्या वडिलांचं स्वप्न आहे की मी तिथे शिकावं. मी मनात म्हटलं, चला, एका बापाला दुसऱ्या बापाचं उत्तर आवडणार.

अहिऱ्यांनी तिची फाइल मिटून तिच्याकडे सरकवली.

“मग वडिलांना पाठवा,” ते म्हणाले. “तुम्हाला काय हवंय ते घेऊन पुढच्या रविवारी या.”